उलट्या बाजूनं वाचायची जीन्स

ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, ॲझ्टेक नावाच्या लहानशा गावात, जुन्या कपड्यांच्या शौकिनांचा मेळा भरला होता. तिथल्या लिलावात एका पँटवर ७६,००० डॉलरची बोली लागली. शुल्क धरून खरेदीदारांना ती ८७,४०० डॉलरना पडली. १८८० च्या दशकातली ही लिव्हाइसची पँट एका ओसाड खाणीत सापडली होती. तिच्या काळाची सर्वांत बोलकी खूण खिशाच्या आत होती. हा माल फक्त गोऱ्या कामगारांच्या हातचा आहे, असं खिशाच्या अस्तरावर छापलेलं होतं. चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद करणारा कायदा १८८२ चा. त्या द्वेषाच्या लाटेत कंपनीने हे वाक्य छापायला घेतलं आणि १८९० च्या दशकात काढून टाकलं. कपड्याचं वय आणि त्या काळाचा कलंक, दोन्ही एकाच खिशातून बाहेर आले.

खिसे, शिवणी, कंबरपट्टीची आतली बाजू: जीन्सची खरी माहिती तिथे असते. जी जीन्स धुलाईच्या कारखान्यात कधी गेलेलीच नाही, तिच्या बाबतीत तर हे फारच खरं. बाजारात तिला रॉ डेनिम म्हणतात. मराठीत तिच्यासाठी शब्द आधीपासून आहे: कोरी. कोऱ्या धोतराला, कोऱ्या लुगड्याला जशी खळ असते तशी हिलाही असते. ती ताठ असते, काळपट निळी असते आणि पहिल्या दिवशी बसताना गुडघ्याला आडवी येते. आज दुकानात टांगलेल्या बहुतेक जीन्स कारखान्यातच दगडांनी, रसायनांनी किंवा लेसरने जुन्या करून आणलेल्या असतात. कोऱ्या जीन्सला जुनं करायचं काम मात्र घालणाऱ्याचं. खिशातलं पाकीट, घराची किल्ली, सायकलचं सीट, मांडी घालून बसायची सवय, सगळं तिच्यावर हळूहळू उमटतं.

हे उमटणं शक्य होतं ते निळीच्या एका स्वभावामुळे. नीळ पाण्यात विरघळत नाही. रंगाच्या हौदात तिचं रासायनिक रूप बदलून तिला आधी विरघळवावं लागतं; तेव्हा पाणी निळं नव्हे, पिवळट हिरवं दिसतं. सुताचे दोर त्यात बुडवायचे, वर काढून हवेला लावायचे, हवेतल्या प्राणवायूने सूत डोळ्यांदेखत निळं होतं, की पुन्हा बुडवायचं. असे अनेक फेरे झाले तरी नीळ सुताच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. बाहेर निळं कडं आणि आत पांढरा कापूस, अशीच त्याची रचना राहते. घर्षणाने कडं झिजलं की पांढरं उघडं पडतं. त्यात डेनिमची तिरकी वीण अशी की ताण्याचं निळं सूत बाण्याच्या तीन पांढऱ्या सुतांवरून जातं आणि एकाखालून. म्हणून कापड वरून निळं, आतून पांढरट.

या कापडाच्या नावांचा गुंताही मोठा आहे. डेनिम हे नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं, जीन्स इटलीतल्या जिनोआवरून. आणि इंग्रजीतला डंगरी हा शब्द थेट मुंबईचा. डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव इंग्रजांच्या तोंडी तसं झालं आणि पुढे खलाशांच्या, मजुरांच्या विजारींना चिकटलं. खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिवेट मारायची कल्पना नेवाडातल्या रीनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची. लिव्हाय स्ट्रॉस हा त्याला कापड पुरवणारा व्यापारी. दोघांना मिळून २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं.

कोऱ्या डेनिमची पंढरी मात्र आज अमेरिकेत नाही. ती आहे जपानमध्ये, ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहराच्या कोजिमा या भागात. समुद्र हटवून मिळवलेली इथली जमीन खारी. भातापेक्षा कापूस तिथे बरा तगला. कापसामागोमाग पट्ट्या विणणं आलं, मग जपानी मोजे, मग शाळेचे गणवेश. गणवेशांच्या धंद्यात कृत्रिम धाग्याने उलथापालथ केली तेव्हा जाड कापड शिवणाऱ्या या गावाला नवं काम हवं होतं. मारुओ या कंपनीने १९६५ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या डेनिमच्या जीन्स शिवल्या. तीच पुढची बिग जॉन. कुराबो गिरणीने १९७३ मध्ये जपानी डेनिम विणलं, त्याचं नाव केडी-८. मग ओसाकाच्या शौकिनांची पिढी आली आणि त्यांच्या कंपन्या एकामागोमाग उभ्या राहिल्या. स्टुडिओ दार्तिझां १९७९ मध्ये निघाली, डेनीम १९८८ मध्ये, एव्हिसू १९९१ मध्ये, फुलकाउंट १९९२ मध्ये आणि वेअरहाउस १९९५ मध्ये. जुनी अमेरिकी जीन्स उसवायची, तिचं सूत न सूत मोजायचं आणि तशीच पुन्हा विणायची, असा त्यांचा ध्यास होता. आज कोजिमाच्या जीन्स स्ट्रीटवर डोक्यावर दोऱ्यांना जीन्स टांगलेल्या असतात आणि बेटी स्मिथ कंपनीचं जीन्सचं संग्रहालयही इथेच आहे.

एक दंतकथा इथे दूर करायला हवी. अमेरिकेने मोडीत काढलेले लिव्हाइसचे माग जपान्यांनी उचलून नेले, असं दुकानदार रंगवून सांगतात. लिव्हाइस ही शिवणारी कंपनी. विणायचं काम उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या कोन मिल्ससारख्या गिरण्यांचं. कोनची व्हाइट ओक गिरणी १९०५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ च्या अखेरीस बंद पडली. जपानमध्ये ज्या मागांवर हे कापड निघतं ते बहुतेक जपानीच, तोयोदाचे. साकिची तोयोदाचा स्वयंचलित माग १९२४ चा. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले आणि त्या पैशाने मोटारींच्या संशोधनाला हातभार लागला. टोयोटा गाडी आणि हे डेनिम एकाच घराण्यातली.

या मागावर धोटा चालतो, आणि इचलकरंजी-भिवंडीच्या वाचकाला त्याचा खडखडाट वेगळा समजवायला नको. धोटा बाण्याचं सूत घेऊन या टोकाला जातो, वळतो, परत येतो. जिथे वळतो तिथे कापडाची किनार आपोआप बंद होते. लुगड्याला काठ येतो तोही असाच. इंग्रजीत त्या किनारीला सेल्व्हेज म्हणतात. नव्या रुंद मागांवर बाणा प्रत्येक फेरीला कापला जातो, त्यामुळे कडा सुटी राहते आणि शिवताना ओव्हरलॉक मारावा लागतो. धोट्याच्या मागाचा पन्हा साधारण ३० इंचांच्या आसपास, वेग कमी, सुतावर ताण सैल. कापड थोडं खडबडीत, उंचसखल निघतं आणि झिजताना ते सुंदर दिसतं. कोन मिल्सने लिव्हाइससाठीचं कापड ओळखू यावं म्हणून किनारीत लाल सूत घातलं आणि तेव्हापासून ही लाल रेघ प्रतिष्ठेची झाली.

प्रतिष्ठा आली की नक्कलही आली. पायाची कड दुमडून लाल रेघ दाखवली की जीन्स अस्सल, असा समज इतका पसरला आहे की ओव्हरलॉक केलेल्या साध्या कापडाला लाल रेघेची पट्टी वरून शिवून विकतात. ओळखणं अवघड नाही. जीन्स पूर्ण उलटी करावी. खरी किनार कापडाचाच भाग असते. डेनिमचं सूत तिच्यात शिरताना दिसतं आणि ती तळापासून वर खिशाजवळपर्यंत अखंड जाते. पट्टी शिवलेली असेल तर तिच्या कडेला टाक्यांची वेगळी ओळ सापडते. मात्र किनार अस्सल असली तरी कापूस चांगला आहे किंवा शिवण पक्की आहे, हे त्यावरून ठरत नाही. धोट्याच्या मागावर सुमार कापडही विणता येतं.

पायाच्या तळाची दुमड साखळी टाक्याची आहे का, तेही बघावं. युनियन स्पेशल ४३२००जी या जुन्या यंत्रावर ही दुमड मारली की कापड किंचित पिळलं जातं आणि धुतल्यावर तिथे दोरखंडासारख्या तिरक्या लाटा उठतात. या एका यंत्रासाठी शौकीन लोक जीन्सची उंची कमी करायला दुसऱ्या शहरात जातात. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा साधा सरळ टाका टिकाऊपणात मुळीच कमी नाही, फक्त त्या लाटा येणार नाहीत.

जुन्या लिव्हाइसची पारख हे वेगळंच शास्त्र आहे. मागच्या एकट्या खिशाला सोबती मिळाला १९०१ मध्ये, पट्ट्याचे लूप आले १९२२ मध्ये, लाल फीत १९३६ मध्ये. मागच्या खिशांचे रिवेट घोड्याचं खोगीर आणि घरातल्या खुर्च्या ओरखडतात अशी तक्रार होती, म्हणून १९३७ मध्ये ते खिशाच्या कापडाखाली लपवले गेले. १९६६ मध्ये ते गेले आणि दाट टाके आले. लाल फितीवरच्या नावातलं ई हे अक्षर १९७१ पर्यंत मोठ्या लिपीत होतं, नंतर लहान झालं. लाल किनार १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. एखाद्या जीन्सला मोठं ई असेल, पण आत धुलाईच्या सूचनांची चिंधी असेल, तर ती बहुधा कंपनीनेच नंतर काढलेली जुन्या नमुन्याची प्रतिकृती. ही चिंधी कापून तिला पन्नास वर्षांपूर्वीची म्हणून विकणारे आहेत. कापल्याच्या जागी शिवणीत अडकलेला तुकडा बोटाला लागतो. उलट, लाल फितीवर नावच नाही, फक्त नोंदणीची गोल खूण आहे, म्हणून कुणी जीन्स परत करतं आणि ती मात्र अस्सल असते. कंपनी काही फिती मुद्दाम तशाच काढते.

माणूस सर्वांत जास्त पैसे वाया घालवतो ते मापात. लेबलवर लिहिलेला ३२ हा आकडा कंबरेचं माप नसून निव्वळ नाव आहे, असंच धरून चालावं. पॅरिसच्या ए.पी.सी.ची कोरी जीन्स लेबलापेक्षा प्रत्यक्षात मोठी निघते आणि घालून आणखी सैलावते, म्हणून तिचे चाहते एकदोन नंबर लहान घेतात. लिव्हाइसच्या श्रिंक-टु-फिट ५०१ चं अगदी उलटं. ते कापड आधी आटवलेलं नसतं. पहिल्या गरम पाण्यात सुमारे दहा टक्के आटतं. ३६ इंच लांबीचा पाय साडेबत्तिसावर येतो. ती कंबरेला एकदोन इंच आणि लांबीला तीन इंच जास्तच घ्यावी लागते. सॅनफोर्ड क्लूएटने १९३० च्या सुमारास कापड गिरणीतच आटवायची रीत काढली, तिलाच सॅनफोराइझ म्हणतात. अशा डेनिमची घट जेमतेम दोनतीन टक्के. वन वॉश लिहिलेली जीन्स तर आधीच भिजून आटलेली असते. कापड आधी आटवलेलं आहे का, हा एक प्रश्न खरेदीआधी विचारला नाही, तर बाकी सगळी चौकशी फुकट जाते. आटणाऱ्या जीन्सला चेनऐवजी बटणं का असतात, त्याचंही उत्तर इथेच आहे: कापड आटतं, चेन आटत नाही, आणि पुढचा भाग फुगून येतो.

मग माप घ्यायचं कसं? स्वतःला नीट बसणारी जुनी जीन्स पलंगावर पसरावी. कंबरपट्टीच्या पुढच्या-मागच्या कडा जुळवून, ताणून टेप लावावा आणि आकडा दुप्पट करावा. मग आसनाच्या शिवणीपासून वरच्या बटणापर्यंतची उंची, आसनाखाली एक इंचावर मांडीची रुंदी, गुडघा, तळ आणि आतली लांबी. हे सहा आकडे कागदावर लिहून दुकानदाराच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. कंबर महिन्याभरात एखादा इंच सैलावते, मांडीही थोडी देते. आसनाची उंची आणि लांबी मात्र काही देत नाहीत. आसनात घट्ट असलेली जीन्स कालांतराने बसेल, या आशेवर घेऊ नये. ती आसनातच फाटते. उंची कमी करायची तर आधी भिजवून, वाळवून, मगच.

वजनाचाही विचार हवा. डेनिमचं वजन एका चौरस यार्डामागे किती औंस, असं सांगतात. आयर्न हार्ट ही जपानी कंपनी मोटारसायकलवाल्यांसाठी २१ औंसाचं कापड वापरते. माँट्रियलच्या नेकेड अँड फेमसने ३२ औंसाची जीन्सही काढली. आपल्याकडे जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहायचं असेल तर १२-१३ औंस पुष्कळ झाले. भिजलेली जाड जीन्स पावसाळ्यात तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. पहिले काही महिने निळीचा हात सगळ्याला लागतो: पांढऱ्या बुटांना, सोफ्याला, घामाने ओल्या शर्टाच्या टोकाला. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने नीळ पक्की होत नाही. ती सुताला रासायनिक बंधाने धरलेलीच नसते.

न धुण्याचं स्तोमही बरंच माजलेलं आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने कोरी जीन्स पंधरा महिने न धुता घातली. त्याच्या प्राध्यापिकेने तिच्यावरचे जिवाणू मोजले. मग ती धुऊन तेरा दिवस घातल्यावर पुन्हा मोजले, तर प्रमाण जवळपास तेवढंच. पण घाम, तेल आणि धूळ सुताला कमजोर करतात, आणि कोकणच्या दमटपणात तर लवकर. वास आला की उलटी करून, गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत वाळवावी.

ए.पी.सी.च्या दुकानात अशी वापरून झिजलेली कोरी जीन्स परत घेतात आणि नवी निम्म्या किमतीला देतात. जुनी धुतात, फाटली असेल तिथे दुरुस्त करतात आणि पुन्हा विकायला ठेवतात. त्याआधी तिच्या आतल्या बाजूला पहिल्या मालकाची आद्याक्षरं लिहिली जातात.