शिकवणीतला फापटपसारा

लोणी देवकरसारख्या गावातून मोबाईलवर शिकवणी चालवायची, तर आधी कर्ज काढून पन्नास पाठ चित्रित करून ठेवावेत काय? मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यात ताईची ओनो यांनी एक शिस्त घालून दिली : लागेल तेवढेच, लागेल तेव्हाच बनवा. पडून राहिलेला माल ही नासाडीच. तिला जपानी भाषेत ‘मुदा’ म्हणतात. कोणी न पाहिलेला पाठ हाही असाच पडून राहिलेला माल. तेव्हा आधी पाचच मुले घ्या. अपूर्णांकांचा एक पाठ द्या. मूल कुठे अडले ते विचारा, अन् पुढचा पाठ त्यावरून बांधा. मात्र काटछाट करायची ती फापटपसाऱ्याची. मुलाच्या शंकेला दिलेल्या वेळेची नव्हे. पालक पदरमोड करून फी भरतात, ती त्या वेळेसाठीच!