क्रूझची सहल : हिशोब भाड्याचा आणि बाबांच्या साखरेचा



दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत उभा असताना तीन वेगवेगळ्या घरांनी मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आईबाबांना क्रूझला नेलं होतं ना? परवडतं का हो?" तिघांनाही मी "हो, पण..." म्हणालो आणि तेवढ्यात रांग पुढे सरकली. तो राहून गेलेला 'पण' सांगण्यासाठी हा लेख. मी डॉक्टर नाही, विमा एजंटही नाही. व्यवसायाने संगणक अभियंता आहे, तेव्हा हिशोब मांडणे आणि चुका शोधणे एवढेच मला येते. या सहलीत चुका माझ्याच होत्या.

आम्ही पाच जण : मी, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून उन्हाळ्यासाठी आलेले आईबाबा. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, मधुमेह व रक्तदाब दोन्ही. आईचे गुडघे दुखरे. साउदॅम्प्टनहून निघून नॉर्वेतील स्टव्हँगर, ओल्डन, फ्लॉम, बर्गन पाहून पुन्हा साउदॅम्प्टन, अशा सात रात्री.

बोट आपल्या लोकांना नवी नाही. आपल्या ज्येष्ठांपैकी काही जण मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून बोटीनेच या देशात आले. फरक एवढाच की तेव्हा बोट हे पोहोचण्याचे साधन होते, आता बोट हाच मुक्काम आहे.

फायदे काय?

पहिला फायदा म्हणजे बॅग एकदाच उघडायची. रोज नवे हॉटेल, नवे जिने, टॅक्सीसाठी धावाधाव यातले काही नाही. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला हे किती मोठे सुख आहे ते आईकडून ऐकावे. विमानतळ नाही, वजनकाटा नाही. घरून गाडीने थेट धक्क्यावर. तीन पिढ्या आपापल्या वेगाने दिवस घालवू शकतात. मुलगी मुलांच्या क्लबमध्ये, आई डेकवर विणकाम घेऊन, आणि रात्री सगळे एका टेबलावर.

जेवणाची काळजी तर पहिल्याच संध्याकाळी मिटली. ब्रिटिश जहाजांवर गोव्याचे आणि कोकणचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. गोव्यात त्यांना 'तारवटी' म्हणतात. आमचा वाढपी वेंगुर्ल्याचा निघाला. आईला पाहून त्याने विचारले, "काकू, साधं वरण-भात चालेल का उद्यापासून?" आईचे अर्धे दुखणे तिथेच पळाले.

छापील भाडे आणि खरा खर्च

जाहिरातीत "अमुक पौंडांपासून" असे लिहिलेले असते. त्यातला 'पासून' महत्त्वाचा. आमचा हिशोब असा झाला :

पाच जणांचे भाडे, दोन केबिन : ३,७९५ पौंड
आईबाबांचे शेंगेन व्हिसा, सर्व शुल्कासह : २००
सर्वांचा विमा : १९०
टिप, रोज आपोआप खात्यावर चढणारी : ३५०
साउदॅम्प्टनला आठ दिवस पार्किंग : ११०
किनाऱ्यावरच्या सहली : २८०
इंटरनेट, पेये, किरकोळ : १६०
एकूण : ५,०८५ पौंड

म्हणजे भाड्यावर आणखी एक तृतीयांश. माणशी, रात्री सुमारे १४५ पौंड पडले. नॉर्वेतील हॉटेले आणि हॉटेलांतले जेवण ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हा आकडा जास्त वाटणार नाही. काही कंपन्या टिप भाड्यातच धरतात, तेव्हा दोन जाहिरातींची तुलना करताना ते आधी पाहावे. किनाऱ्यावरची सहल स्वतः ठरविली तर स्वस्त पडते, पण परतायला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजानेच नेलेल्या सहलीसाठी थांबते. आईबाबा बरोबर असल्याने आम्ही जादा पैसे दिले.

पैसे भरताना एक लक्षात ठेवा. १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या खरेदीला १९७४ च्या कंझ्यूमर क्रेडिट ॲक्टच्या ७५ व्या कलमाचे संरक्षण क्रेडिट कार्डावर मिळते, डेबिट कार्डावर नाही. शिवाय 'ॲटॉल' हे संरक्षण विमानप्रवास असलेल्या सहलींचे आहे. नुसत्या बोटीच्या सहलीसाठी कंपनी किंवा एजंट 'ॲबटा'चा सभासद आहे का, ते पाहावे.

बाबांची साखर

आता मुख्य 'पण'. बाबांचे बालपण रत्नागिरीचे. "मी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गेलेला माणूस, मला बोट लागत नाही," असे म्हणून त्यांनी उलटीवरची गोळी नाकारली. पहिल्याच रात्री समुद्र खवळला. बाबांना तीन उलट्या झाल्या. आईला त्यांनी बजावले, "मुलाला सांगू नकोस. डॉक्टर बोलावला तर त्याला उगीच भुर्दंड." सकाळी पोटात काही नसताना त्यांनी नेमाने मधुमेहाची गोळी मात्र घेतली. गोळी चुकवायची नाही, ही त्यांची वीस वर्षांची शिस्त.

अकराच्या सुमारास आईने आमचे दार ठोठावले. बाबा घामाने थबथबले होते, हात थरथरत होते, आणि माझ्या मुलीला ते माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारीत होते. त्यांच्या पुण्याच्या यंत्रावर साखर ५६ आली. पत्नीने संत्र्याचा रस घोट घोट पाजला आणि मी जहाजाच्या दवाखान्यात फोन करून सांगितले, "शुगर ५६ आहे." पलीकडची नर्स क्षणभर गप्प झाली. भारतातले यंत्र साखर मिलिग्रॅममध्ये दाखविते, इथले मिलिमोलमध्ये. इथल्या मापात ५६ हा आकडा भयंकर जास्त साखरेचा. "फिफ्टी-सिक्स मिलिग्रॅम्स" असे पत्नीने मागून ओरडल्यावर घोळ निस्तरला. १९९९ साली नासाचे मंगळयान मापांच्या अशाच गोंधळात नष्ट झाले, ही गोष्ट मी कॉलेजात ऐकली होती. स्वतःच्या बापाच्या बाबतीत ती विसरलो. सूत्र सोपे आहे : भारतातल्या आकड्याला १८ ने भागा. ५६ म्हणजे ३.१. इथल्या मापात ४ च्या खाली साखर गेली की ताबडतोब साखर किंवा रस द्यायचा.

सलाईन, रक्ततपासणी, ईसीजी, तीन तास निगराणी. बाबा सावरले. बिल ६४० पौंड. "म्हणजे सत्तर हजार रुपये," सलाईन चालू असतानाच बाबांनी हिशोब केला आणि डोळे मिटून घेतले. रात्रीच सांगितले असते तर कदाचित साध्या तपासणीवर भागले असते.

पण पैशांहून अधिक लागली ती दुसरी गोष्ट. उलट्या बोट लागल्याने झाल्या की नोरोव्हायरसने, हे लगेच सांगता येईना. म्हणून बाबांना दोन दिवस केबिनमध्येच राहण्याचा हुकूम झाला. आई त्यांच्याबरोबर राहिली. आणि आईबाबांसाठी केबिन मी घेतली होती ती आतली, बिनखिडकीची. "रात्री झोपायलाच तर जायचं" म्हणून पैसे वाचविले होते. पहाटे ओल्डनला जाताना आम्ही डेकवर उभे राहून बर्फाचे डोंगर पाहिले. आईबाबांनी तोच फ्योर्ड केबिनमधल्या टीव्हीवर पाहिला, जहाजाच्या नाकावर लावलेल्या कॅमेऱ्यातून. आई तक्रार करणारी नाही. तिने एवढेच सांगितले, "छान दिसत होतं."

फ्लॉमला मात्र बाबा उतरले. समुद्रकाठापासून मिर्डालपर्यंत वीस किलोमीटरची ती आगगाडी आठशे मीटरहून अधिक चढते. बाबा पूर्ण वेळ खिडकीला चिकटून बसले होते.

औषधांचे नियम

उलटीवरची गोळी निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. सिनारिझिन इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, पण झोप येते. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा इतर गोळ्या चालू असतील तर फार्मासिस्टला आधी विचारा. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर असेल तर हेलकावे कमी जाणवतात. उलटी-जुलाब सुरू झाले, खाणे बंद झाले, तर मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या हे आपल्या डॉक्टरांकडून घरूनच कागदावर लिहून घ्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी साखर पाडतात. काही गोळ्या शरीरातले पाणी कमी झाल्यावर मूत्रपिंडाला त्रास देतात. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण धक्क्यावर दिलेल्या बॅगा केबिनमध्ये यायला काही तास लागतात.

संसर्गाची भीती अनाठायी नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ लोकांपैकी ७१२ जणांना कोविड झाला. नोरोव्हायरस तेवढा घातक नसला तरी चिवट आहे. दारातल्या जेलने तो मरत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवा.

विमा आणि व्हिसा

जहाजावरचा दवाखाना खासगी असतो. एनएचएसचे जीएचआयसी कार्ड तिथे चालेल असे गृहीत धरू नका. आपल्या वार्षिक प्रवासविम्यात क्रूझ धरलेली असतेच असे नाही. बहुधा जादा पैसे भरून घ्यावी लागते. जहाजावरून हेलिकॉप्टरने हलविण्याचा खर्च, केबिनमध्ये अडकून पडणे आणि चुकलेले बंदर, हे तीन शब्दप्रयोग पॉलिसीत शोधा. जुने आजार लपवू नका. आईबाबा इथले रहिवासी नसल्याने त्यांचा विमा भारतातूनच घेतला होता. दावा केल्यावर कंपनीचा पहिला प्रश्न : "उपचार कोणत्या देशात झाले?" भर समुद्रात कोणता देश सांगणार? जहाजाच्या डॉक्टरांचे पत्र जोडल्यावर चार महिन्यांनी शंभर डॉलर कापून पैसे आले. ते पत्र उतरण्यापूर्वीच मागून घेतले म्हणून निभावले.

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. सहल साउदॅम्प्टनला सुरू होऊन तिथेच संपत असली तरी भारतीय पासपोर्टवाल्यांना, मग त्यांचा इथे कायम वास्तव्याचा परवाना का असेना, शेंगेन व्हिसा लागतो. पाहुण्या आईवडिलांनी तो भारतातच काढावा. इथे आल्यावर अर्ज घेतीलच असे नाही. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा. मध्येच आयर्लंडसारखे शेंगेनबाहेरचे बंदर असेल तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. इंग्लंडचा व्हिसाही अनेक प्रवेशांचा आहे ना, हे पाहा. ब्रिटिश पासपोर्ट शेंगेनमध्ये शिरताना दहा वर्षांहून जुना नसावा, आणि परतल्यानंतर तीन महिने तरी वैध असावा.

मग परवडते का?

वृद्ध आईवडील आणि लहान मुले एकत्र असतील तर हो, याहून सोयीची सहल मला माहीत नाही. गाव पायी हिंडण्याची आवड असेल, तिथल्या लोकांत मिसळायचे असेल तर नाही. बंदरात सहा-आठ तासच मिळतात आणि हजारो लोक एकदम उतरतात. हौशी तरुण जोडप्यांनी सरळ बर्गनला विमानाने जावे.

माझा नियम आता असा आहे. भाडे पाहून ठरवू नका. बरोबरच्या सगळ्यात अशक्त माणसाला भर समुद्रात बरे वाटेनासे झाले तर काय होईल, याचे उत्तर आधी लिहून काढा. उपचाराचे पैसे कोण देईल, गोळ्या कोणत्या थांबवायच्या, आणि त्या केबिनला खिडकी आहे का. ही तीन उत्तरे मिळाली की खुशाल पैसे भरा. आणि आईवडिलांना निघण्यापूर्वी एकदा स्पष्ट सांगा, "डॉक्टरचे पैसे भरलेले आहेत, काही झालं तर लपवू नका."

बाबांचा परवा पुण्याहून फोन आला होता. पुढच्या उन्हाळ्यात कुठे, असे विचारत होते. "खिडकी घे रे या वेळी. आणि गोळी मी आधीच घेईन."

कुणाचा अनुभव वेगळा असल्यास संपादकांकडे जरूर लिहून पाठवावा.