उड्डाणमार्ग आणि आपली पाणथळे : फलकावरचा सायबेरिया

पक्ष्यांच्या पायांतील कड्यांवरची अक्षरे कशी वाचावीत, हा या हप्त्याचा ठरलेला विषय होता. तो पुढील आठवड्यावर ढकलला आहे, कारण हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील एका शिक्षक-वाचकांचा प्रश्न दिसायला साधा असला तरी दोन ओळींत संपणारा नाही. सिद्धेश्वर धरणाच्या काठी विद्यार्थ्यांना पक्षी दाखवताना ‘हे सायबेरियातून येतात’ यापलीकडे काय सांगावे, आणि मुळात तेवढे तरी खरे आहे काय, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर असे की, काही पक्ष्यांच्या बाबतीत ते खरे आहे, पुष्कळांच्या बाबतीत अर्धवट खरे आहे आणि काहींच्या बाबतीत साफ खोटे आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांत ‘सायबेरियन पाहुण्यांचे आगमन’ अशा मथळ्याच्या बातम्या झळकू लागतात आणि त्यांखालच्या छायाचित्रात कधी रोहित असतो, कधी चक्रवाक, तर कधी बारा महिने येथेच राहणारा उघड्या चोचीचा करकोचाही असतो. रोहित पक्ष्यांची भारतातील मोठी वीण कच्छच्या रणात होते. चक्रवाक लडाख, तिबेट आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवर कड्यांच्या कपारींत आणि बिळांत अंडी घालतो. उघड्या चोचीच्या करकोच्याला तर हद्दीबाहेर जाण्याचे कारणच नसते. तलवार बदक, थापट्या आणि चिमणीएवढा टिलवा यांच्याविषयी मात्र सायबेरियाचे नाव घेतले तर तक्रार करता येणार नाही, कारण त्यांच्या विणीचा प्रदेश रशियाच्या उत्तरेकडील दलदली आणि टुंड्रा, म्हणजे वर्षातील बहुतेक काळ गोठलेली वृक्षहीन भूमी, येथपर्यंत पसरलेला आहे. सायबेरियाचे हे माहात्म्य बहुधा भरतपूरच्या सायबेरियन क्रौंचांमुळे वाढले असावे. तेथे ते २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटचे दिसले, परंतु पक्षी गेला तरी त्याचे गाव सर्व पाहुण्यांना चिकटून राहिले.

पट्टकादंबाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठवाडा-विदर्भातील तलावांवर हिवाळ्यात उतरणारा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे मिरवणारा हा राखाडी हंस मंगोलिया, चिंगहाई, तिबेट आणि लडाखमधील सरोवरांवर वाढतो. माहितीफलकांवर त्याच्या चित्राखाली हमखास आढळणारे दुसरे वाक्य म्हणजे ‘हा एव्हरेस्टवरून उडत येतो’. भारतात आणि मंगोलियात या हंसांना मागोवा घेणारी यंत्रे बसवून जे अभ्यास झाले, त्यांत निराळेच चित्र दिसले. हे पक्षी शिखरे ओलांडण्याऐवजी खिंडी धरतात, जमिनीच्या चढउताराला लगटून उडतात, आणि एकदा मिळवलेली उंची टिकवून धरण्यापेक्षा दरी आली की खाली उतरून पुढे पुन्हा चढणे त्यांना कमी शक्तीत परवडते. त्या अभ्यासांत नोंदली गेलेली कमाल उंची ७,२९० मीटर होती आणि एवढ्या उंचीच्या नोंदीही विरळच होत्या. हवा थंड आणि म्हणून दाट असते अशा रात्रीच्या व पहाटेच्या प्रहरी चढण चढण्याचा त्यांचा कल दिसला. एव्हरेस्टच्या दंतकथेपेक्षा हा हिशेबी प्रवास कितीतरी अधिक आश्चर्यकारक आहे. पण फलक रंगवणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही.

तो का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. पाणथळावरील माहिती केंद्राला, ज्याला वनखात्याच्या भाषेत निसर्ग निर्वचन केंद्र म्हणतात, पक्ष्याचे अर्धेच आयुष्य दिसते. नोव्हेंबर ते मार्च या काळात तो समोर असतो आणि उरलेले वर्ष तो जेथे घालवतो तेथील काहीही काठावरून दिसत नाही, म्हणून ती रिकामी जागा ‘सायबेरिया’ या एका शब्दाने भरली जाते. मंगोलियातील अशाच एखाद्या केंद्राची अडचण नेमकी उलटी असते. तेथे अंडी आणि पिले दिसतात, परंतु हिवाळ्यात हे पक्षी हरभऱ्याच्या कोणत्या वावरात चरतात आणि तेथला शेतकरी त्यांना काय म्हणतो, हे तेथील मुलांना कोण सांगणार? दोन्ही टोकांच्या केंद्रांनी एकमेकांशी बोलणे हा केवळ सौहार्दाचा भाग नसून दोघांच्याही फलकांवरील मजकूर खरा करण्याचा तोच एक स्वस्त मार्ग आहे.

असे प्रयत्न झालेले आहेत. ब्रिटनमध्ये सेव्हर्न नदीच्या काठी स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने पाणपक्षी आणि सामान्य प्रेक्षक यांना एकत्र आणण्याची रीत घालून दिली. रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्याकडून तेथे येणाऱ्या बेविकच्या हंसांपैकी प्रत्येकाच्या चोचीवरील पिवळ्या-काळ्या रंगाची मांडणी वेगळी असते, हे स्कॉट यांच्या १९६४ मध्ये ध्यानात आले आणि तेव्हापासून तेथील हंस नावानिशी ओळखले जाऊ लागले. याच संस्थेच्या पुढाकाराने १९९१ मध्ये पाणथळ केंद्रांचे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. २०१६ मध्ये संस्थेच्या साशा डेंच यांनी पाठीवर इंजिन बांधलेल्या छत्रीच्या साहाय्याने रशियाच्या टुंड्रापासून ब्रिटनपर्यंत हंसांच्या वाटेने सुमारे ७,००० किलोमीटरचा प्रवास केला आणि वाटेतील शेतकरी, शिकारी व शाळकरी मुले यांच्याशी बोलणे हाच त्या मोहिमेचा मोठा भाग होता.

तथापि हिंगोलीच्या दृष्टीने अधिक उपयोगी उदाहरण जपान आणि ऑस्ट्रेलियातील आहे, कारण त्यात गाजावाजा कमी आणि चिकाटी अधिक आहे. टोकियोच्या उपसागरालगत नाराशिनो शहरात यात्सु-हिगाता नावाची सुमारे ४० हेक्टरांची भरती-ओहोटीची चिखलाट आहे. भोवती रस्ते आणि वस्ती दाटलेली असली तरी ओहोटीचा चिखल उघडा पडला की पक्षी तेथे उतरतात. ब्रिस्बेनजवळचे बोंडाल हे पाणथळ त्याच्या वीसपट तरी मोठे असेल. या दोन ठिकाणांना राखाडी शेपटीच्या एका तुतारीवर्गीय पक्ष्याने जोडले आहे, कारण दक्षिणेत हिवाळा घालवून उत्तरेकडे जाताना तो वाटेत जपानच्या किनाऱ्यावर थांबतो. या धाग्यावरून १९९८ मध्ये दोन्ही नगरांनी भगिनी-पाणथळांचा करार केला. करार शहरांमध्ये झाला आणि दोन्हीकडे माहिती केंद्र होते, ही त्यातील मेख आहे. राजधान्यांमधील करारांची पाने पक्ष्यांपेक्षा वेगाने उडतात, पण दोन केंद्रांतील माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली की पत्रे येत-जात राहतात.

हिंगोली ज्या मार्गावर येते तो मध्य आशियाई उड्डाणमार्ग होय. उड्डाणमार्ग म्हणजे आकाशातील आखीव रस्ता नसून, वीण, विसावा आणि हिवाळी वास्तव्य यांच्या सर्व जागा मिळून होणारा विस्तीर्ण पट्टा, हे नियमित वाचकांना माहीत आहेच. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या या पट्ट्यात ३० देश येतात आणि स्थलांतर करणाऱ्या पाणपक्ष्यांच्या किमान १८२ जाती त्याचा वापर करतात. स्थलांतरी प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला भरली होती. त्यानंतर २०२४ मध्ये समरकंद येथील परिषदेत या उड्डाणमार्गासाठी स्वतंत्र उपक्रम मान्य झाला आणि त्याचे समन्वय केंद्र भारतात असावे असे ठरले. शासनांच्या पातळीवर दार उघडले आहे. आता काठावरच्या माणसांनी आत जाणे बाकी आहे.

येथे मंगोलियापर्यंत धाव घेण्याआधी गोदावरीच्या खोऱ्याकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर, जे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ ठरले; पैठणचा नाथसागर, जो १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे; पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वर; आणि पैनगंगेवरील इसापूर, ज्याच्या जलाशयाचे २०१४ मध्ये अभयारण्य झाले आणि जे हिंगोली व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे, ही सारी एकाच खोऱ्यातील पाणवठ्यांची माळ आहे. एका पाणवठ्यावर पाणी जास्त झाले की बदके दुसऱ्यावर सरकतात, त्यांना जिल्ह्याच्या हद्दी ठाऊक नसतात. चापडगावला नांदूर मध्यमेश्वराच्या काठी निरीक्षण मनोरे आहेत आणि गावातील तरुण वाटाड्याचे काम करतात. ऐरोलीला ठाणे खाडीकाठी रोहित पाहण्यासाठी सागरी जैवविविधता केंद्र आहे. हिंगोलीत एखादे केंद्र उभे राहिले तर त्याने पहिली मैत्री या आप्तांशी करावी, आणि इमारत उभी राहण्याची वाट न पाहता एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या वऱ्हांड्यातूनही ती करता येते.

हिंगोलीचे स्वतःचे सांगण्यासारखे असे काय, या शंकेचे उत्तर गाळपेरीत आहे. सिद्धेश्वर किंवा इसापूर हे नैसर्गिक तळे नाही. त्यातील पाणी केव्हा उतरावे हे ऊन ठरवते तसेच कालवा सल्लागार समितीही ठरवते. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय काठोकाठ भरलेला असतो तेव्हा तो पाहायला भव्य, पण पाय ठेवून चरणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने निरुपयोगी असतो, कारण खोल पाण्यात ना बदकाची मान तळाला पोहोचते, ना तुतारीला उभे राहायला जागा मिळते. रब्बीची आवर्तने, म्हणजे कालव्याच्या ठरावीक पाणीपाळ्या, सुरू झाली की काठ मागे सरकतो आणि ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. या पट्ट्याचे बारकाईने निरीक्षण केले तर पक्ष्यांनी तो जणू चोचीच्या लांबीप्रमाणे वाटून घेतलेला दिसतो. आखूड चोचीचा चिखल्या कोरडसर कडेला धावतो, थबकतो आणि पृष्ठभागावरचा किडा टिपतो. टिलवा ओलसर गाळात शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चोच मारतो. तुतारी पाण्याच्या रेषेवर चालते. शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर गुडघाभर पाण्यात उभा राहतो. आणि काळ्या शेपटीचा पाणटिवळा चोच थेट मुळापर्यंत गाळात खुपसून, चोचीचे केवळ टोक उघडून, न दिसणारी अळी पकडतो.

त्याच गाळावर माणसाचाही हक्क असतो. धरणासाठी संपादित झालेली आणि पाणी उतरल्यावर उघडी पडणारी ही जमीन हंगामापुरती कसायला दिली जाते, तिच्या वाटपात प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते आणि दुष्काळात तेथे चाऱ्याची पिके घेण्यास शासनाने प्रोत्साहन दिलेले आहे. नांगराशिवाय उगवणारा हरभरा आणि गहू हे या गाळाचे वैभव, आणि त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर हंस व चक्रवाक डोळा ठेवून असतात. पुराणकाव्यांत विरहाने व्याकूळ होणारा चक्रवाक गाळपेरीच्या वावरात भलताच व्यवहारी वाटतो. शेतकऱ्याचे नुकसान होते हे नाकारून कोणतेही पक्षी-शिक्षण उभे राहणार नाही, म्हणून मंगोलियाच्या केंद्राला पाठवण्याजोगे हिंगोलीचे पहिले पत्र याच गाळपेरीविषयीचे असावे.

एका पक्ष्याची दोन टोकांना किती वेगळी किंमत असते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण मात्र पाणपक्ष्याचे नाही. ज्वारीच्या फडांवर थव्याने उतरणारी आणि गोफणीने हाकलली जाणारी भोरडी, म्हणजेच पळस मैना, युरोपच्या पूर्वेपासून कझाकस्तान आणि चीनच्या शिंजियांगपर्यंतच्या गवताळ प्रदेशात दगडांच्या फटींत वीण करते आणि पिलांना टोळ व नाकतोडे भरवते. शिंजियांगमध्ये टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरटी रचली जातात. जिला येथे दगड मारतात तिच्यासाठी तेथे दगड रचतात, ही हकीकत हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या मुलांना कळली तर त्यांचे आजोबा गोफण खाली ठेवतील असे नाही, परंतु त्यावर घरात वाद नक्की होईल आणि शिक्षणाला एवढेही पुरते.

राहता राहिला दिवसांचा प्रश्न, जो त्या शिक्षक-वाचकांनी पत्राच्या शेवटी विचारला आहे. जागतिक स्थलांतरित पक्षी दिन २००६ पासून साजरा होतो आणि आता तो मे व ऑक्टोबर महिन्यांच्या दुसऱ्या शनिवारी येतो. मे महिन्यात सिद्धेश्वरवर हिवाळी पाहुण्यांचा मागमूस नसतो आणि शाळांनाही सुटी असते, तर ऑक्टोबरात जलाशय तुडुंब असतो, त्यामुळे दोन्ही तारखा येथे अडचणीच्याच. महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांच्या दरम्यानचा, त्यापेक्षा बरा आहे, पण तोही गाळ उघडा पडण्याच्या आधीचा. मुलांना काठावर नेण्यास जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हाच काळ योग्य. आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीतच होते, तेव्हा मोजणीचा सराव आपोआप पदरात पडतो. मेचा शनिवार मात्र फुकट घालवू नये. त्या दिवशी बोलण्याची पाळी दुसऱ्या टोकाची असते. येथून गेलेले हंस तेव्हा वर सरोवरांवर अंडी उबवत असतात आणि तेथील केंद्राने पाठवलेले एक छायाचित्र शाळेच्या भिंतीवर लावले तर ‘सायबेरिया’ खोडून त्या सरोवराचे नाव लिहिता येईल.

काठावर जाताना दुर्बीण नसली तरी चालेल, सूर्य पाठीशी राहील अशी बाजू तेवढी निवडावी. सकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिल्यास पायांतील रंगीत कडीही ओळखू येते. त्या कड्यावरची अक्षरे कशी टिपावीत आणि कोणाला कळवावीत, हे आता पुढील हप्त्यात, यावेळी नक्की.