जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार : पहिले पाऊल

कावेरी व अरसलार या नद्यांमध्ये वसलेले कुंभकोणम् हे तमिळनाडूतील मंदिरांचे नगर. तेथील एखाद्या घराच्या पडवीत जुनी अ‍ॅम्बॅसडर मोटार वर्षानुवर्षे उभी आहे, अशी कल्पना करा. तिचा जीर्णोद्धार करावयाचा, तर आरंभ कोठून करावा?

जवळच्याच स्वामीमलै गावी मेणाच्या साच्याने पंचधातूच्या मूर्ती घडविल्या जातात. अशा चोलकालीन मूर्ती शतकानुशतके भूमीत राहूनही सुस्थितीत सापडल्या आहेत. मोटारीचा पत्रा मात्र थोड्याच वर्षांत पोखरला जातो. याचे कारण धातूंच्या गुणधर्मांत आहे. तांब्यावर जमणारा हिरवट थर घट्ट बसून आतील धातूचे बरेचसे रक्षण करतो. लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने होणारा गंज सच्छिद्र असतो. तो पापुद्र्यांनी सुटतो आणि नवे लोखंड उघडे पाडतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसात ही क्रिया अधिकच वेग घेते.

अ‍ॅम्बॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश मोटारीवरून तयार झाली. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिला निराळी चौकट नाही; पत्र्याचा सांगाडाच सर्व भार पेलतो. म्हणून दारांखालचा पोकळ भाग गंजला, तर केवळ रूप बिघडत नाही, मोटारीचे बळच जाते. वरून रंग दिल्याने हा दोष झाकला जातो, नाहीसा होत नाही.

यास्तव प्रथम चाकांना अडण्या लावाव्यात, बॅटरी सोडवावी आणि गाडीचा तळ तपासावा. पत्रा टोचून पाहावा. तो दबला वा भोक पडले, तर तो भाग बदलणे अवश्य आहे. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. इंजीन एकदम सुरू करणेही घातक होय, कारण दट्ट्या सिलिंडरला गंजाने चिकटलेला असू शकतो. स्पार्क प्लग काढून आत पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे व मग इंजीन हातानेच हळूहळू फिरवावे. जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ झालेला असतो. तेही काढून टाकावे. सुटा केलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा.

जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. म्हणून तो कोरडा न घासता ओला करून घासावा.

रंग हा शेवटचा संस्कार होय. जीर्णोद्धाराचा आरंभ परीक्षणानेच होतो.