दरडग्रस्तांची नोंदवही आणि मुक्त सॉफ्टवेअर

शाळेचें हजेरीपुस्तक नित्य पाहण्यांतलें असल्यामुळें त्याचें महत्त्व सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु कोण आहे व कोण नाहीं हें तत्काळ सांगण्यावर जीव अवलंबून असावेत, असाही प्रसंग येतो. महाड तालुक्यांतील तळीये गांवावर २२ जुलै २०२१ रोजीं तसा प्रसंग आला. अतिवृष्टीनें डोंगराची दरड वस्तीवर कोसळली व ऐंशींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. महाड शहरांत पुराचें पाणी शिरलेलें, रस्ते बंद. बाहेरचीं पथकें पोंचण्यास दुसरा दिवस उजाडला. त्यापूर्वीं जुलै २००५ मध्येंही याच तालुक्यांतील दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या होत्या. तेव्हां असें संकट पुन्हां येणार नाहीं, असें धरून चालणें शहाणपणाचें नव्हे. त्या वेळीं लागणारी नोंदवही आधींच कशी सिद्ध ठेवावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

दरड पडल्यावर माणसांची माहिती अनेकांच्या वह्यांत विखुरलेली असते. तलाठ्याकडे जमिनी, ग्रामपंचायतींत घरें व जन्ममृत्यु, रुग्णालयांत जखमी, निवाऱ्यांत आश्रयास आलेलीं कुटुंबें. या सर्व वह्या एका कपाटांत ठेवून त्यांतील नोंदी परस्परांशीं जोडल्या म्हणजे जें होतें, त्यास डेटाबेस म्हणतात. त्या कपाटापुढें बसून हवी ती नोंद काढून देणारा व नवी नोंद लिहून घेणारा जो कारकून, तो म्हणजे वेब-अॅप्लिकेशन. कारकून एक, पण खिडक्या अनेक: महाडच्या कचेरींतून, रुग्णालयांतून, मुंबईंतील नातलगाच्या घरांतूनही त्यास विचारतां येतें.

हें कपाट व हा कारकून विकत आणावा, कीं मुक्त सॉफ्टवेअर घेऊन घडवावा? मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. ज्याची मूळ संहिता कोणासही वाचतां येते, गरजेप्रमाणें बदलतां येते व बदललेली दुसऱ्यास देतां येते, तें मुक्त सॉफ्टवेअर. खर्च त्यासही आहेच: यंत्र, वीज, आणि तें सांभाळणारा जाणता मनुष्य. परंतु एका गांवीं केलेलें काम दुसऱ्या गांवास नवा परवाना विकत न घेतां उपयोगीं पडतें, हा त्याचा मोठा गुण होय.

याचें उत्तम उदाहरण श्रीलंकेचें आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तेथील संगणकतज्ज्ञ स्वयंसेवकांनीं ‘सहाना’ नांवाची प्रणाली उभी केली. सिंहली भाषेंत या शब्दाचा अर्थ दिलासा असा आहे. बेपत्ता माणसें, निवारे, मदत करणाऱ्या संस्था व मदतीची मागणी अशीं तिचीं निरनिराळीं दालनें होतीं. ती पीएचपी व मायएसक्यूएल या मुक्त साधनांवर रचली होती व स्वतःही मुक्त होती. म्हणूनच २००५ मध्यें पाकिस्तानांतील भूकंपानंतर, आणि २००६ मध्यें फिलिपाइन्सच्या दक्षिण लेते प्रांतांत दरडीखालीं गांव गाडलें गेलें तेव्हांही, तीच प्रणाली उपयोगांत आणतां आली.

साधन निवडतांना आमच्या मतें चार गोष्टी पारखाव्या. पहिली, नांवें. तळीये हें नांवच कोणी ‘तळिये’ असें लिहितो. आणि एका वाडींत एकाच नांवाआडनांवाचे दोन पुरुष असणें आपल्याकडे नवें नाहीं. म्हणून प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र क्रमांक द्यावा, व साधन देवनागरी अक्षरें युनिकोड पद्धतीनें नीट सांठविणारें असावें. नाहीं तर एकच मनुष्य दोनदां मोजला जाईल, किंवा एकाची मदत दुसऱ्याच्या पदरीं पडेल.

दुसरी गोष्ट कामाचा व्याप. एसक्यूलाइट सबंध नोंदवही एकाच फायलींत ठेवतें. जेथें नेटवर्क तुटलें आहे तेथें एका लॅपटॉपवर तें पुरेसें आहे. अनेक खिडक्यांतून एकाच वेळीं लेखन व्हावयाचें असेल, तर पोस्टग्रेसक्यूएल किंवा मारियाडीबी घ्यावें.

तिसरी गोष्ट दीर्घायुष्य. तळीयेच्या पुनर्वसनाचें काम म्हाडानें हातीं घेतलें; अशा कामांत घर, वारस व वाटप यांच्या नोंदी वर्षानुवर्षें लागतात. तोंवर साधन टिकलें पाहिजे. मायएसक्यूएल २०१० मध्यें ओरॅकल कंपनीच्या मालकीचें झालें. त्यापूर्वींच, २००९ मध्यें, त्याचे एक मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनीं त्याच मुक्त संहितेवरून मारियाडीबी सुरू केलें. मालक बदलला तरी वापरणाऱ्यांचा मार्ग खुंटला नाहीं, कारण संहिता सर्वांसाठीं खुली होती.

चौथी गोष्ट गोपनीयता. संहिता मुक्त याचा अर्थ नोंदी उघड्या असा नव्हे. जखमीचा आजार किंवा विधवेचें बँकखातें चव्हाट्यावर मांडावयाचें नसतें; कोणीं काय पाहावें याची मर्यादा आरंभींच आंखावी.

कोणतेंही सॉफ्टवेअर दरड थोपवीत नाहीं. आणि जें संकटाच्या दिवशीं प्रथमच उघडलें जातें, तें बहुधा हातास वळत नाहीं. म्हणून पावसाळ्यापूर्वीं वाडीवाडींतील कुटुंबांची नोंद पुरी करावी, तिची एक प्रत कागदावर व एक दुसऱ्या गांवीं ठेवावी. विद्यार्थ्यांनीं आरंभ लहान करावा: शाळेच्या ग्रंथालयाची नोंदवही मुक्त साधनांनीं घडवून पाहावी. कोणतें पुस्तक कोणाकडे आहे हें अचूक सांगतां येऊं लागलें, कीं मोठ्या कामाची वाट सांपडेल. पालकांनींही आपल्या घरांतील प्रत्येकाचें नांव सर्व कागदपत्रांत एकाच रीतीनें लिहिलें आहे कीं नाहीं, हें एकदां पाहून घ्यावें. उत्तम डेटाबेसही आपण लिहून दिलेल्या नांवावरच चालतो.