डॉ. कोटणीसांची शाळा

सोलापूर शहरातील भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे जुने घर आहे. महानगरपालिकेने त्याचे जतन केले असून २०१२ पासून ते स्मारक म्हणून जनतेस खुले आहे. डॉक्टरांचे नाव ठाऊक नाही असा माणूस सोलापुरात विरळाच. चीनमध्ये जाऊन त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, तेथेच विवाह केला आणि तेथेच देह ठेवला, एवढे शाळकरी मुलेही सांगतात. ही प्रसिद्धी पुष्कळ अंशी चित्रपटाची देणगी होय. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला, नायकाची भूमिकाही स्वतःच केली आणि रणांगणावरील शल्यविशारद ही कोटणीसांची प्रतिमा जनमानसात कायमची ठसली. ती प्रतिमा खोटी नाही, परंतु अपुरी आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात कोटणीस हे शिक्षक होते, एका रुग्णालयाचे संचालक होते, आणि परदेशातील विद्यार्थ्यांना त्या विद्यार्थ्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवीत होते. महाराष्ट्रातील मुले डॉक्टर होण्यासाठी समुद्रापार जाऊ लागली असताना ही उपेक्षित बाजू पाहणे अगत्याचे वाटते.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव. वडीलही गिरणीतच नोकरीला. घर मध्यमवर्गीय, भावंडे पुष्कळ. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. द्वारकानाथ त्या वेळी विशीत होते. परकी सत्ता म्हणजे काय, हे त्या पिढीच्या सोलापूरकराला पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले.

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. सुमारे २२ हजार रुपयांचा निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक निवडण्यात आले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकप्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर त्यांचे साहाय्यक, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशाला डॉक्टर पाठवावेत, ही घटना त्या काळात लहान नव्हती. सप्टेंबर १९३८ मध्ये पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये या पाचही जणांच्या नावांना ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले. ‘हुआ’ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले ‘के दिहुआ’, आणि तिकडे आजही ते याच नावाने ओळखले जातात.

चुंगकिंगला असताना वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. परत जाण्यास कोणाची हरकत नव्हती. ते गेले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले.

शाळा कशासाठी?

शांसी, चाहार आणि हेबेई या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख जपानी फौजांच्या पिछाडीला होता. तेथे लढणाऱ्या सैन्याला शिकलेल्या डॉक्टरांचा तुटवडा इतका होता की, एखादा निष्णात शल्यविशारद येऊनही प्रश्न सुटत नसे. शस्त्रक्रिया एक जण करतो. पण जखम धुणारे, पट्टी बदलणारे, ताप पाहणारे, उपकरणे उकळून घेणारे हात अनेक लागतात. ते अशिक्षित असले तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रोगी जखम चिघळून दगावतो. पेनिसिलिन त्या रणांगणावर पोचले नव्हते. म्हणूनच, १९३८ मध्ये तेथे आलेले कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी शस्त्रक्रियांच्या बरोबरीने माणसे शिकवून तयार करण्यावर भर दिला. सप्टेंबर १९३९ मध्ये तेथे आरोग्यशाळा स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना बेथ्यून यांचे बोट कापले, विष अंगात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला. शाळेला आणि रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले.

शाळा म्हटले की इमारत डोळ्यांपुढे येते. येथे तसे काही नव्हते. वर्ग आणि रुग्णशय्या शेतकऱ्यांच्या घरांतून विखुरलेल्या असत. जपानी फौजांची मोहीम निघाली की विद्यार्थी, रोगी, औषधे, सारे उचलून दुसऱ्या खेड्यात न्यावे लागे. १९४० मध्ये कोटणीस आणि बसू या भागात आले. बसूंना पुढे येनानला परत बोलावण्यात आले. पथकातील इतर सहकारी एव्हाना मायदेशी परतले होते. कोटणीस मात्र शल्यचिकित्सेचे अध्यापक म्हणून बेथ्यून शाळेत राहिले, आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. वय वर्षे ३०.

भाषेचा प्रश्न

इंग्रजीतून वैद्यक शिकलेल्या या मराठी माणसाने चिनी विद्यार्थ्यांना शिकवायचे कोणत्या भाषेत? दुभाषा घेऊन इंग्रजीतून बोलणे, हा सोपा मार्ग उपलब्ध होता. आरंभी त्यावाचून गत्यंतरही नव्हते. पण दुभाष्याकरवी व्याख्यान देता येते. रोग्याला ‘कोठे दुखते?’ असे विचारून त्याच्या उत्तरातील बारकावा पकडता येत नाही, आणि विद्यार्थ्याला तो पकडायला शिकविता तर मुळीच येत नाही. कोटणीसांनी चिनी भाषा शिकून घेतली. बोलण्यापुरती नव्हे, तर वर्ग घेण्यापुरती, लिहिण्यापुरती.

ज्यांना या भाषेची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. चिनी भाषेत एकच उच्चार स्वराच्या चढउतारानुसार वेगळा अर्थ देतो. ‘मा’ म्हणजे आई. तोच ‘मा’ वेगळ्या स्वरात म्हटला तर ताग, घोडा किंवा शिव्या देणे असा अर्थ होतो. लिपीला वर्णमाला नाही. प्रत्येक अक्षरचिन्ह स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. आपल्याकडे दहा-बारा वर्षे इंग्रजी शिकूनही चार वाक्ये बोलताना अडखळणारे आपण सर्वच आहोत. दिवसा शस्त्रक्रिया, अधूनमधून पळापळ, आणि त्यातून ही भाषा!

कोटणीस केवळ बोलून थांबले नाहीत. विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक नाही, ही त्या शाळेची मोठी अडचण होती. त्यांनी शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवर चिनी भाषेत पाठ्यपुस्तक तयार केले आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांवरील शस्त्रक्रियांचे दुसरे पुस्तक लिहावयास घेतले. या शाळेत शुश्रूषा शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

अपस्माराचे झटके त्यांना येऊ लागले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अशाच झटक्यांत हेबेई प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. वय ३२. दुसरे पुस्तक अपुरे राहिले. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत बेथ्यून आणि कोटणीस या दोघांच्याही समाध्या आहेत. यिनहुआही वैद्यकाचेच शिक्षण घेत होता. १९६७ मध्ये ऐन तारुण्यात तो गेला. क्वो छिंगलान यांना दीर्घायुष्य लाभले, त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या.

शिजियाझुआंगमध्ये १९९२ साली कोटणीसांच्या नावाने एक वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. २०२० पर्यंत तेथून ४५ हजारांवर विद्यार्थी शिकून बाहेर पडले होते. नवे विद्यार्थी व शिक्षक कोटणीसांच्या पुतळ्यापुढे प्रतिज्ञा घेतात. उलट दिशेनेही काही आले. कोटणीसांचे सहकारी डॉ. बसू यांनी पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चरची विद्या आत्मसात केली आणि ती भारतात आणली. दोन देशांतील संबंध १९६२ मध्ये बिघडले, त्यानंतरही कितीदा ताणले गेले. तरी हा धागा तुटला नाही. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीसांची टपाल तिकिटे काढली.

पाहुणा विद्यार्थी

परदेशी विद्यार्थी आपल्याकडे येतो तेव्हा यजमानाने काय करावे, याचेही एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडहिंग्लजचे डॉ. शां. ब. मुजुमदार पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. वसतिगृहाच्या एका खोलीत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने आजारी पडून होता आणि एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. परक्या मुलखात या मुलाचे कोणी नाही, ही जाणीव मुजुमदारांना स्वस्थ बसू देईना. २६ जानेवारी १९७१ रोजी त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘सिंबायोसिस’ ही संस्था काढली. २००२ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इमारती आणि अभ्यासक्रम नंतर आले. आरंभ झाला तो आजारी मुलाच्या काळजीतून.

आजचे विद्यार्थी आणि तीच अडचण

कोटणीस चीनला शिकवावयास गेले. आज आपली मुले तेथे शिकावयास जातात. २०२० मध्ये कोविडची साथ आली त्या वेळी चीनमधील विद्यापीठांत २३ हजारांवर भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांतील बहुसंख्य वैद्यकाचे होते. मायदेशी परतलेल्या या मुलांना दोन वर्षांहून अधिक काळ परत जाता आले नाही. त्यांचे व्हिसा ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पाठोपाठ, सप्टेंबर २०२२ मध्ये, बीजिंग येथील भारतीय वकिलातीने इच्छुकांसाठी सविस्तर सूचना प्रसिद्ध केली. तीतील आकडे पालकांनी अवश्य पाहावेत. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकून आलेले ४०,४१७ उमेदवार भारतातील चाळणी परीक्षेस बसले; उत्तीर्ण झाले ६,३८७, म्हणजे शंभरांत सोळा.

याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि सारा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. परंतु एक कारण कोटणीसांनी ओळखले होते तेच आहे. वर्गातील शिकवणी इंग्रजीतून होते, वॉर्डातला रोगी मात्र चिनी बोलतो. त्याच्याशी बोलता न येणारा विद्यार्थी खाटेशेजारी नुसता उभा राहतो.

प्रवेश घेण्यापूर्वी म्हणून काही गोष्टींची खातरजमा करावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, आणि त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता पूर्ण करावी लागते. वकिलातीच्या सूचनेत इंग्रजी माध्यमातून प्रवेश देण्यास मान्यता असलेल्या ४५ चिनी महाविद्यालयांचा उल्लेख होता. दलालाने सांगितलेले नाव मान्यताप्राप्त संस्थांत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी पाहावे. त्याच सूचनेत असेही म्हटले होते की, रुग्णालयातील प्रशिक्षणासाठी चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पायरी गाठणे आवश्यक आहे आणि ती न गाठणाऱ्यास पदवी मिळणार नाही. त्या वेळच्या अभ्यासक्रमानुसार चौथी पायरी म्हणजे सुमारे १,२०० शब्द. त्यांची तयारी विमानात बसण्यापूर्वी, येथे घरी असतानाच सुरू करता येते.