प्राण्यांच्या छायाचित्रांवरील विनोदी ओळी : अन्योक्तीचे आधुनिक रूप

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘मीम’ ही संज्ञा अनुकरणाने पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी योजिली. आज ती प्रामुख्याने ओळ जोडलेल्या विनोदी चित्रासाठी रूढ आहे. जपानमधील ‘काबोसु’ या कुत्रीचे २०१० मधील छायाचित्र २०१३ च्या सुमारास याच रूपात जगभर पसरले.

ही मांडणी मराठी अभ्यासकास अपरिचित नाही. बोलणे प्राण्यास उद्देशून, रोख मात्र माणसावर, हे अन्योक्तीचे लक्षण होय. जगन्नाथ पंडितांच्या ‘भामिनीविलासा’त सिंह, हंस यांच्या निमित्ताने माणसाचेच गुणदोष येतात, कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४-१८७८) यांनी अन्योक्ती मराठीत आणल्या. भेद इतकाच, की अन्योक्तीत कवी प्राण्याशी बोलतो, मीममध्ये बहुधा प्राणीच बोलतो.

समजा, कोथरूडमधील एखाद्या गृहरचना संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पेंगुळलेल्या मांजराचे छायाचित्र आले आणि खाली ओळ आहे : ‘सूचना वाचली. अंमल पुढील सभेनंतर.’ येथे विनोद सुस्त चेहरा व कार्यालयीन भाषा यांच्या विसंगतीतून निर्माण होतो. ‘झोपाळू मांजर’ एवढेच लिहिले असते, तर तो साधला नसता. कोणाचेही नाव न घेता टाळाटाळ उघड होते आणि टाळणाऱ्यासही हसून सुधारण्यास वाव राहतो. मांजराऐवजी एखाद्या सभासदाचेच छायाचित्र वापरल्यास तीच ओळ अवमानकारक ठरते.

तात्पर्य, विद्यार्थ्यांच्या अशा ओळींना उद्धटपणा ठरविण्यापूर्वी हा आडपडदा शाबूत आहे काय, हे प्राध्यापकांनी पाहणे उचित ठरेल.